एकच डाव, असं मी म्हणाले

गढीच्या फाटकाची किल्ली एकतीस वर्षं माझ्या कमरेला होती. मागच्या उन्हाळ्यात ती पुरातत्त्व खात्याच्या साहेबांच्या टेबलावर ठेवली, कागदावर सही केली आणि घरी आले. दिवाळी अंकवाले म्हणाले, तुमच्या गढीवर इतक्या मालिकांची शूटिंगं झाली, नटनट्या तुम्ही जवळून पाहिल्या, त्या गमती लिहा. गमती लिहिते. पण ज्या गोष्टीची मला लाज वाटते तीही लिहिणार आहे आणि ती जास्त लिहिणार आहे. जागा कमी पडली तर गमती कापा.

माझं शिक्षण चौथी पास. गावाचं नाव लिहीत नाही. महागाव तालुक्यात, डांबरी रस्त्यावरून कपाशीच्या वर एक बुरूज दिसतो, एवढं पुरे. नाव लिहिलं की लोक मोबाइल घेऊन येतात आणि बारवेत पाण्याच्या बाटल्या टाकून जातात. गढीचे बुरूज चार. त्यातले अडीच उभे आहेत. मधल्या अंगणात बारव आहे, म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिन्ही बाजूंनी काळ्या दगडाच्या पायऱ्या खाली उतरतात. उन्हाळ्यातही तळाला पाणी असतं. माझ्या कामाचं नाव कागदावर राखणदार होतं. प्रत्यक्षात झाडूवाली.

काम सोपं वाटतं, पण नाही. सकाळी पहिल्यांदा वटवाघळांची घाण झाडायची. ती ओली असताना झाडली तर दगडावर पसरते, म्हणून वाळू द्यायची. पिंपळाचं रोप दगडांच्या सांध्यात उगवतं, ते कधी ओढायचं नाही. ओढलं की मुळाबरोबर सांधा उघडतो आणि पुढच्या पावसाळ्यात दगड खाली येतो. रोप कापायचं. पुन्हा फुटलं की पुन्हा कापायचं. मी एकच पिंपळ एकतीस वर्षं कापला. तो अजून आहे, मी घरी आले.

येणारे लोक तऱ्हेतऱ्हेचे. गुप्तधन शोधणारे लिंबू आणि टिकाव घेऊन यायचे. मी त्यांना म्हणायची, धन असतं तर मी ह्या पगारावर इथं झाडत बसले असते का? त्यांना ते पटायचं. लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी यायची. नवऱ्या मुलाच्या हातात प्लास्टिकची तलवार आणि नवरीच्या मागं धुराचा डबा. एका नवरीनं मला विचारलं, "मावशी, इथली राणी कशानं मेली?" मी म्हणाले, "मले काय मालूम, मी तवा ड्यूटीवर नव्हती."

मग मालिकावाले यायला लागले. नावाजलेले खरे किल्ले गर्दीनं भरलेले, तिथं परवानगी मिळत नाही. आमच्याकडं कोणी येत नाही, म्हणून आमची गढी त्यांना चालायची. ती एका मालिकेत मोगलांची चौकी झाली, दुसरीत मराठ्यांचा वाडा, तिसरीत तुरुंग. दगड तेच. झेंडा बदलायचा.

ज्यांनी शूटिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ते लोक पहिले दोन दिवस नुसतं झाकतात. सरकारी फलक गोणपाटानं झाकायचा. विजेच्या खांबाला झाडाची साल गुंडाळायची. सिमेंटच्या दोन पायऱ्या खात्यानं केल्या होत्या, त्यांच्यावर माती थापायची. मग खऱ्या दगडापुढं थर्माकोलचा दगड उभा करायचा, कारण खरा दगड पुरेसा जुना दिसत नाही म्हणे. मी विचारलं, "हा किती जुना पाहिजे?" त्यांचा एक रंगारी पोरगा म्हणाला, "आजी, टीव्हीवर जुनं दिसायला पाहिजे. असून उपयोग नाही."

तिथं माझं काम त्यांच्या मागं फिरायचं. खिळा ठोकायचा नाही, दगडाला रंग लावायचा नाही, चूल पेटवायची नाही. हे परवानगीच्या कागदावर लिहिलेलं असायचं आणि कागद माझ्याजवळ असायचा. एकदा मशाल अडकवायला एकानं कमानीत खिळा ठोकला. मी म्हणाले, "बंद." सगळं बंद पडलं. घोडा, राजा, सरदार, जनरेटर, शंभर माणूस दुपारभर बसून राहिलं. खिळा हळूच काढला, भोक चुन्यानं भरलं, मग मी म्हणाले, "करा सुरू." त्या दिवसापासून सेटवर मला घाबरायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

एक राजा होता. पडद्यावर वाघ मारायचा. वटवाघूळ उडालं की मिशी हातात घेऊन पळायचा. त्याच्यासाठी मी रोज सकाळी बांबूनं वटवाघळं हाकलायची. ती संध्याकाळी परत यायची, तोवर राजा लॉजवर गेलेला असायचा.

आता 'टेक' सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टेक म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची. एक निरोप्या धावत येतो, पाच पायऱ्या उतरतो आणि म्हणतो, "महाराज, शत्रू आला." झालं, असं आपल्याला वाटतं. पण तेवढ्यात ढग येतो. शेळी ओरडते. कोणाची जीभ अडखळते. वरून विमान जातं. मग पुन्हा. सगळं नीट झालं तरी पुन्हा, त्याला ते सेफ्टी म्हणतात. मी मोजलं, त्या दिवशी शत्रू एकोणीस वेळा आला. मी त्यांच्याबरोबर किती महिने काढले असतील, पण एका टेकमध्ये संपलेलं काम एकदाही पाहिलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. मला हे माहीत होतं.

गढीच्या मागं नाल्यापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा आहे. आता ते शेतीवाले. पूर्वी बैलांवर मीठ-धान्य लादून देशोदेशी नेणारे. त्यांच्यात म्हणतात की गढीचा चुना त्यांच्याच बैलांवर आला आणि बैलांना पाणी बारवेचं होतं. खरंखोटं मला माहीत नाही. पण श्रावणात तांड्याच्या पोरींची तीज बारवेतच सोडतात, हे मी कामाला लागले तेव्हापासून पाहिलं.

तीज म्हणजे काय ते सांगते. लग्न न झालेल्या पोरी बांबूच्या लहान टोपल्यांत वारुळाची माती आणि खत घालतात, त्यात गहू पेरतात. नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ गाणी म्हणत पाणी घालतात. गव्हाचे पोपटी कोंब वीतभर वाढतात. मग नाईकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची, परवानगी घेऊन वाजतगाजत पाण्यात सोडतात. सोडताना पोरी रडतात. खोटं नाही, हमसून रडतात. पोरगी सासरी धाडावी तशी तीज धाडतात. लग्न झालं की त्या पोरीला पुन्हा तीज नाही. त्या दिवशी मी फाटक उघडून बाजूला बसायची. कोणाला विचारायची नाही, कोणी मला विचारायचं नाही.

तांड्यातल्या म्हातारीचं नाव चांदीबाई. तिची माझी मैत्री भांडणातून झाली. तिच्या शेळ्या गढीत शिरायच्या, मी हाकलायची. ती म्हणायची, "तुया पिंपळ माही शेळी खाते, तुयं काम हलकं करते, आन् तू तिलेच मारते!" ते खरंच होतं. मग मी तिच्या शेळ्यांना फक्त पिंपळाच्या बाजूनं येऊ द्यायला लागले. दोघी विधवा, दोघींना सुना. बोलायला पुष्कळ होतं.

तीन वर्षांपूर्वी श्रावणातच एक मोठी मालिका आली. त्यांना हिरवं रान पाहिजे होतं. कागदावर मी पहिलीच अट घालून घेतली की तीजेच्या दिवशी दुपारनंतर बारव तांड्याची. ते हो म्हणाले. दिग्दर्शक तरुण, अदबीनं बोलणारा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पायरीवर बसून झाडूची काडी बांधत होते, तर तो समोर उभा राहून बघायला लागला.

"आजी, तुमचा चेहरा ह्या दगडासारखा आहे."

"दगडावर पोपडे हायत," मी म्हणाले.

"म्हणूनच. राणीची दाई पाहिजे मला. मेकअपवाल्या बाया आणून कंटाळलो. कराल?"

मी हो म्हणाले. लगेच. विचार करून सांगते असंही म्हणाले नाही. घरी सुनेला सांगितलं, तिनं माहेरी फोन केला, संध्याकाळपर्यंत गावात झालं. दळणाच्या चक्कीवर बाया म्हणाल्या, "काय वं दाईबाई, आता सही देजो आमाले." माझ्याशी, चौथी शिकलेल्या झाडूवालीशी, लोक पहिल्यांदा थांबून बोलत होते. लोक पैसे, जमीन, पोरं यांच्यासाठी वाईट वागतात. माझ्याजवळ तसं सांगायला कारण नाही. मला टीव्हीवर दिसायचं होतं, एवढंच.

तीजेच्या दोन दिवस आधी पोरी गाणी म्हणत गढीखालून गेल्या. दिग्दर्शकानं मला विचारलं, हे काय? मी सांगितलं. सगळं सांगितलं, नऊ दिवस, रडणं, पाणी. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "आजी, राणी प्रजेच्या मुलींबरोबर हा सण करते, असा सीन करू. दाई टोपली राणीच्या हातात देते, राणी मुलीला देते, मुलगी पाण्यात सोडते. तुमचा क्लोजअप." क्लोजअप म्हणजे नुसता चेहरा, पडदाभर. मग म्हणाला, "तुम्ही त्यांना विचाराल का? तुमचं ऐकतील."

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. एकदा सोडलेली तीज वर काढत नाहीत. ते सांगितलं असतं तर तो विचारात पडला असता आणि कदाचित सीनच सोडला असता. हे मला तेव्हाच कळलं होतं. विसरले असं नाही.

तांड्यावर गेले तेव्हा चांदीबाई शेळ्यांना पाला टाकत होती.

"काय वं अनसुया, सिनेमा सोडून इकडं कशी? राणीनं हाकललं का?"

"कामानं आली. साहेब म्हणते, तुमची तीज शूटिंगमंधी पाह्यजे."

"आमची तीज? कायले?"

"सुंदर दिसते म्हणे."

"ते तर दिसतेच. आमच्या पोरी त्या राणीपेक्षा गोऱ्या नसतीन, पण नाकीडोळी बऱ्या हायत." मग तिनं पाला खाली ठेवला. "थे राणी लग्नाची हाय का कुवारी? लग्नाच्या बाईनं हात लावलेला चालत नाही. आपल्यासारख्या बुढ्या बायांचं काही नाही."

"कुवारी हाय. मी इचारलं." हे खरं होतं. ते मी विचारलं होतं.

"आन् मी पाह्यलं, तो एक माणूस त्या दिवशी एकाच पायरीवरून दिवसभर उतरून राह्यलता. तसं तर नाही न करत? तीज पाण्यात गेली का गेली. वर कोनी काढा." कोनी म्हणजे त्यांच्या बोलीत नाही.

"एकच डाव," मी म्हणाले. "सोडली का झालं."

"पक्कं?"

"पक्कं."

तिची नात वनिता दारात टोपली घेऊन उभी होती. तिच्या टोपलीतला गहू सगळ्यात दाट होता. तिचं लग्न ठरलं होतं, ढाणकीकडच्या तांड्यात. ही तिची शेवटची तीज. ती म्हणाली, "आजी, मले नाही आवडत. लोकांसमोर रडू येईन का?" चांदीबाई म्हणाली, "येते बाई. तू रडाले बसली का जग दिसत नाही." मग दोघी नाईकाकडं गेल्या. नाईक आधी नाही म्हणाला. चांदीबाईनं सांगितलं, अनसुयानं शब्द देल्ला, एकच डाव. तेव्हा तो हो म्हणाला. माझ्या शब्दावर नाही, तिच्या शब्दावर. तिनं माझा शब्द आपल्या तोंडानं दिला.

त्या दिवशी मला नऊवारी लुगडं नेसवलं, चेहऱ्याला काहीतरी फासलं, कपाळावर गोंदण काढलं. मी बारवेच्या पाचव्या पायरीवर उभी. माझ्याखाली राणी, राणीच्या खाली वनिता, मग पाण्यापर्यंत बाकीच्या पोरी. त्यांनी आपलेच आरशांचे कपडे घातले होते. ते पाहून कपडेवाली बाई म्हणाली, मी हात लावणार नाही, हेच बरे. चांदीबाई, नाईक आणि तांड्याची माणसं समोरच्या काठावर बसली होती.

पोरींनी गाणं सुरू केलं. मी टोपली राणीला दिली, राणीनं वनिताला दिली. वनिता पाण्यापर्यंत गेली आणि तिथं तिचा बांध फुटला. तिच्यामागं सगळ्या पोरी. दगडांत आवाज घुमला. राणीसुद्धा रडली, ते तिला सांगितलेलं नव्हतं. टोपल्या रिकाम्या झाल्या, पाणी पोपटी झालं. मी इतक्या वर्षांत अशी तीज पाहिली नव्हती.

"कट!" दिग्दर्शक ओरडला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. पोरींना कट माहीत नाही, त्या गातच होत्या. त्यानं टीव्हीच्या डब्यात पाहिलं आणि म्हणाला, "अप्रतिम. एक और. सेफ्टी."

कोणी बुडू नये म्हणून पाण्यात दोन पोहणारे उभे केले होते. ते ओंजळीनं, बादलीनं गव्हाचे कोंब गोळा करायला लागले आणि टोपल्यांत भरायला लागले.

वनिता ओरडली, "ओ! काढू नका! हात नका लावू!"

"बस दो मिनट, बेटा," एक जण म्हणाला.

समोरच्या काठावर चांदीबाई उभी राहिली. तिनं त्यांना नाही, मला हाक मारली.

"अनसुया!"

मी त्या वेळी 'बंद' म्हणाले असते तर बंद पडलं असतं. परवानगीचा कागद माझ्याजवळ होता. एका खिळ्यासाठी मी राजाला बसवून ठेवलं होतं, मग ह्यासाठी तोंड उघडायला काय झालं होतं? पण क्लोजअप राहिला होता. दिग्दर्शक म्हणाला होता, तो दुसऱ्या वेळी घेऊ. कॅमेऱ्यात बघायचं नाही, समोर शून्यात बघायचं, हे मला शिकवलं होतं. मी तसंच शून्यात बघत राहिले. चांदीबाईकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या वेळी पोरी रडल्या, पण घाबरून. तिसऱ्या वेळी निम्मे कोंब तुटून गेले होते, टोपल्या रिकाम्या दिसायला लागल्या. रंगारी पोरगा माझ्याजवळ आला. "आजी, असं हिरवं काही मिळेल का?" मी बोट दाखवलं. बांधावरची हरळी. तो कापून घेऊन आला आणि तीजेच्या टोपल्यांत हरळी खोचली. चौथ्या वेळी पोरींचे डोळे कोरडे. मग एका बाटलीतलं औषध त्यांच्या डोळ्यांत घातलं, त्यानं पाणी येतं. एक लहान पोरगी हसायला लागली, ते पाहून दुसरी. दिग्दर्शक चिडला नाही, समजावून सांगत होता. त्याला मी दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. नाईक खाली मान घालून बसला होता. हो म्हणून बसला होता, आता चारचौघांत उठायचं कसं? मधल्या एका टेकला त्यांनी माझा चेहरा घेतला. मी चांगलं केलं, असं ते म्हणाले.

सहा वेळा तीज सोडली. मग ऊन गेलं. वनिताच्या हातात हरळीची टोपली दिली होती, तिनं ती पायरीवर ठेवली आणि म्हणाली, "हे माही नाही." चांदीबाईनं पोरी गोळा केल्या आणि निघाली. येताना वाजवत आले होते, जाताना ढोल बगलेत. मी मेकअप पुसायला गेले होते. परत आले तेव्हा अंगण रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी पायऱ्यांना कोंब चिकटले होते. झाडून घमेल्यात घेतले. पुन्हा पाण्यात सोडावे तर सातव्यांदा झालं असतं. उकिरड्यावर टाकवेना. गढीमागं खड्डा करून पुरले.

हिवाळ्यात तो भाग टीव्हीवर आला. सुनेनं शेजारपाजारच्या बाया बोलावल्या, चहा केला. माझा चेहरा त्यात नव्हता. राणीच्या हातात टोपली देणारे दोन हात तेवढे दिसले. बाया म्हणाल्या, "हात तर तुमचेच हायत, बांगड्यावरून ओयखले." पण मी हातांकडं बघत नव्हते. टोपल्यांकडं बघत होते. त्यांत गहू होता, काठोकाठ, हरळी नाही. पोरी हमसून रडत होत्या, बाटलीनं नाही. त्यांनी पहिलाच टेक वापरला होता. बाकी पाच वेळा उगाच.

उन्हाळ्यात वनिताचं लग्न झालं. मला बोलावणं होतं, मी गेले, जेवले. पुढच्या श्रावणात तीजेच्या दिवशी मी फाटक उघडून संध्याकाळपर्यंत बसले. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेले. चांदीबाई म्हणाली, "शेततळ्यात सोडली वं. प्लास्टिकवर पाय सटकते पोरींचे, पण तिथं कोणी काढत तर नाही." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू कायले तोंड पाडून बसली? तुले तरी काय मालूम होतं? त्याइनं तुलेबी फसवलं."

मी काय म्हणाले? काही नाही. चहा प्याले. सहा टेकपेक्षा त्या चहाची मला जास्त लाज वाटते. त्यानंतर दोन वर्षं ती मला फसवलेली बाई समजून जपत राहिली आणि मी जपू दिलं.

अंकासाठी लिहायला बसले तेव्हा खिळा लिहिला, राजाची मिशी लिहिली, शत्रू लिहिला. मग पुढं हात चालेना. म्हणून एसटीत बसून ढाणकी गाठली, तिथून ऑटोनं वनिताच्या सासरी. ती कडेवर पोर घेऊन बाहेर आली. पाणी दिलं. मी पाणी प्यायच्या आधी सांगून टाकलं.

"वनिता, मले मालूम होतं. ते एकदा करत नाहीत. मी तुया आजीले खोटं बोलली."

ती पोराला थोपटत राहिली. मग म्हणाली, "सहा डाव धाडली मी. त्यातली कोणती गेली, सांग?"

"पहिली," मी म्हणाले. "टीव्हीवर तेच दाखवली."

"टीव्हीचं नाही इचारून राह्यली मी."

मग ती म्हणाली, "हे आजीले सांगितलं?"

"नाही."

"मंग मले कायले सांगते? नाईक आजीच्या शब्दावर हो म्हणलता. आजवर लोकं तिले बोलतेत, तुयामुळं झालं म्हणून. आन् आजी तुयी बाजू घेऊन भांडते. तिले सांग."

लोक तिला बोलतात हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत तिनं मला ह्यातलं एका शब्दानं कळू दिलं नव्हतं.

म्हणून हे सगळं आधी लिहून काढलं. तोंडानं सांगायला गेले असते तर मी पुन्हा काही झाकलं असतं, मला माझी खात्री नाही. कागद घेऊन परवा सकाळी तांड्यावर गेले. चांदीबाईला वाचता येत नाही. मी तिच्यासमोर खाटेवर बसून पहिल्या ओळीपासून वाचलं. राजाच्या मिशीला ती हसली. पिंपळाच्या शेळ्यांना हसली. "मला हे माहीत होतं" इथं आले तेव्हा तिला अजून कळलं नव्हतं. "एकच डाव" इथं कळलं. मी थांबले. ती म्हणाली, "वाच." मी ढाणकीपर्यंत वाचलं.

शेळ्या दावणीला ओरडत होत्या, त्यांची सोडायची वेळ होऊन गेली होती. ती उठली नाही.

"माह्यं नाव लिवलं त्याच्यात?"

"लिवलं."

"किती डाव?"

मी मोजलं नव्हतं. म्हणाले, "लय डाव."

"काढून टाक. पोरीचंबी काढ."

मी पेन काढलं आणि तिच्यासमोरच एकेक नाव खोडून दुसरं लिहिलं. चांदीबाई हे तिचं नाव नाही, वनिता हे तिच्या नातीचं नाही. अक्षर कळत नसलं तरी ती माझ्या हाताकडं बघत होती. एका ठिकाणी मी पान उलटायला लागले तर तिनं बोट ठेवलं, "इथलं राह्यलं." बरोबर होतं, एक राहिलं होतं. इतका वेळ बघून तिला आपल्या नावाचा आकार ओळखू आला होता. ते खोडलं. मग ती उठली, शेळ्या सोडल्या आणि त्यांच्यामागं शेततळ्याच्या बाजूला निघून गेली. गढीच्या नाही.